वायरलेस अडॅप्टर: कंपनी नंतर ठरवा, आधी गाडीचं पोर्ट तपासा

प्रश्न थोडक्यात असा: गाडी टाटा टियागो ईव्ही, 7 इंची स्क्रीनवाली, म्हणजे फोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) आणि कारप्ले (आयफोनसाठी) या दोन्ही सोयी आहेत पण केबल लावूनच चालतात. रोज गुहागर ते चिपळूण जाऊन-येऊन. स्वतःचा फोन अँड्रॉइड, घरात दुसरा आयफोन. केबल सारखी काढ-घाल करून पोर्ट सैल होईल अशी धास्ती आहे, म्हणून वायरलेस अडॅप्टर, म्हणजे पोर्टात लावली की हेच केबलविना करून देणारी डबी, घ्यायचाय. कुठला घ्यावा, आणि त्यानं गाडीची छोटी बॅटरी उतरते हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. हो, उतरू शकते. पण ते अडॅप्टरच्या कंपनीवर कमी आणि तुमच्या गाडीचं यूएसबी पोर्ट गाडी लॉक केल्यावर झोपतं की जागं राहतं, यावर जास्त ठरतं. इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीबरोबर एक साधी 12 व्होल्टची बॅटरी असते. सेंट्रल लॉक, स्क्रीन, दिवे आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर हे सगळं तिच्यावर चालतं. ती मेली की मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असली तरी गाडी जागेवरून हलत नाही.

हिशोब करून बघा. अडॅप्टर चालू असताना साधारण 5 व्होल्टवर 0.3 अँपिअर ओढतो असं धरू, म्हणजे दीड वॅट. 12 व्होल्टच्या बाजूनं, मधला तोटा धरून, ते सुमारे 0.15 अँपिअर होतं. दिवसाचे 24 तास म्हणजे 3.6 अँपिअर-तास, आठवड्याचे 25. बॅटरी 35 अँपिअर-तासाची असेल तर आठवडाभर मुंबईला जाऊन आल्यावर खळ्यातली गाडी उघडणार नाही, अशी वेळ येऊ शकते. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतानाही मोठ्या बॅटरीतून छोटीला अधूनमधून चार्ज देतात, पण सगळ्या देत नाहीत आणि देणाऱ्याही प्रत्येक परिस्थितीत देत नाहीत. त्या भरवशावर राहू नका.

तेव्हा खरेदीच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि पोर्ट तपासा. त्यासाठी यूएसबी मीटर लागेल. पोर्टात खोचायची छोटी डबी असते, तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळते आणि पुढे घरातले चार्जर तपासायलाही उपयोगी पडते. ती पोर्टात लावा, गाडी बंद करा, सगळी दारं लावून लॉक करा आणि चावी घरात आत नेऊन ठेवा. चावी खिशात घेऊन गाडीशेजारी उभे राहिलात तर चावीविना उघडणाऱ्या गाड्या जाग्याच राहतात आणि तपासणी फसते. पाच मिनिटांनी काचेतून बघा, मग अर्ध्या तासानं, मग झोपायच्या आधी एकदा. मीटरचा आकडा विझलेला असेल तर चिंता मिटली, कुठलाही चांगला अडॅप्टर कायमचा लावून ठेवता येईल. अर्ध्या तासानंतरही 5.0 दिसत असेल तर पोर्ट सतत चालू आहे. मग एक तर रोज अडॅप्टर उपटायचा, नाहीतर बटण असलेली यूएसबी केबल मध्ये टाकायची. ही केबल घेताना ती डेटाही नेते का, हे विचारून घ्या. नुसती वीज नेणारी बटणाची केबल बाजारात जास्त मिळते आणि तिच्यावर अँड्रॉइड ऑटो उघडतच नाही.

याच तपासणीचा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. गाडी चार्जिंगला लावा आणि मीटर पुन्हा बघा. चार्जिंग चालू असताना गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जागी असते आणि काही गाड्यांत त्याबरोबर यूएसबी पोर्टालाही वीज येते. आपल्याकडे गाडी खळ्यात, पडवीच्या पायरीपासून चार हातांवर उभी असते आणि फोन पडवीतल्या बाकावर. रात्री चार्जिंग सुरू झालं, पोर्ट जागं झालं, अडॅप्टर उठला आणि त्यानं पडवीतला फोन पकडला, की फोन अँड्रॉइड ऑटोत जाऊन बसतो. रिंग वाजते पण पलीकडचं बोलणं फोनमध्ये ऐकू येत नाही, सकाळी फोनची बॅटरी अर्ध्यावर आलेली असते आणि माणूस फोन बिघडला म्हणून दुकानात नेतो. मीटर चार्जिंगच्या वेळी चालू दिसला तर असा अडॅप्टर घ्या ज्याच्या ॲपमध्ये आपोआप जोडणं बंद करायची, किंवा गाडीचं ब्लूटूथ तुटल्यावर अडॅप्टरनंही फोन सोडायची सोय आहे. नाहीतर पुन्हा तीच बटणाची केबल.

आता पोर्टाचा प्रकार. गाडीत दोन-तीन पोर्टं असली तरी अँड्रॉइड ऑटो सहसा एकाच पोर्टावर चालतं, बाकीची नुसती चार्जिंगची. जास्त वॅटचं टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणून अडॅप्टर तिथे लावला तर दिवा लागेल, स्क्रीनवर काही येणार नाही. ओळखायची रीत सोपी आहे: चांगल्या केबलनं फोन लावा. ज्या पोर्टावर अँड्रॉइड ऑटो उघडतं तेच पोर्ट अडॅप्टरचं. आणि केबलनंच ते रडतखडत चालत असेल, मध्येच तुटत असेल, तर आधी तो दोष काढा. अडॅप्टर गाडीला ‘मी केबलनं जोडलेला फोन आहे’ असं भासवतो, बस. गाडीची केबलची बाजू दुखणी असेल तर ते दुखणं वायरलेसनं जात नाही, उलट शोधायला अवघड होतं. कित्येकदा दीड मीटरची स्वस्त केबल काढून अर्ध्या मीटरची चांगली डेटा केबल लावली की तक्रार संपते आणि अडॅप्टरचे पैसेही वाचतात.

त्याच पोर्टावर अडॅप्टर किंवा फोन चालू असताना मीटरवरचे व्होल्ट बघा. 4.9 ते 5.2 उत्तम. 4.7 च्या खाली घसरत असेल तर अडॅप्टर मधूनच बंद-चालू होणार. साध्या यूएसबी 2.0 पोर्टाची प्रमाणित क्षमता 0.5 अँपिअर आहे आणि बरेच अडॅप्टर डबीवर 1 अँपिअर मागतात. प्रत्यक्षात ते एवढं सतत ओढत नाहीत, पण सुरू होताना आणि वायफाय पूर्ण जोरात असताना झटका येतो. म्हणून त्या पोर्टाला स्प्लिटर लावून दुसरा फोन चार्ज करू नका.

बाजारात ‘वायरलेस कारप्ले’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि इथेच पैसे वाया जातात. पहिली, तुम्हाला हवी ती: केबलवालं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वायरलेस करणारी काड्यापेटीएवढी डबी. गाडीत केबलवालं मुळातच नसेल तर ही डबी निरुपयोगी. दुसरी, ‘एआय बॉक्स’ नावाची: तिच्यात स्वतःचं अँड्रॉइड, मेमरी, कधी सिमची जागा असते आणि ती गाडीच्या कारप्ले पोर्टाचा वापर करून स्क्रीनवर आपलं सगळं दाखवते. चार्जिंगला थांबल्यावर व्हिडिओ बघायला लोक ही घेतात. ती वीज बरीच जास्त मागते, तापतेही जास्त, आणि चालकासमोर धावत्या गाडीत व्हिडिओ लावण्याची सोय म्हणून तर ती मुळीच घेऊ नका. तिसरी, टीव्हीला लावायची स्क्रीन मिररिंगची डोंगल. ती गाडीच्या यूएसबीवर चालत नाही. सगळे अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेलाही ‘मिररिंग’ म्हणतात खरं, पण ते फोनची स्क्रीन जशीच्या तशी दाखवत नाहीत, फोन गाडीसाठी वेगळं चित्र तयार करून पाठवतो. म्हणूनच फोनची स्क्रीन बंद असली तरी नकाशा चालू राहतो.

गाडी नवी घेत असाल तर आधी पत्रक नीट वाचा, कदाचित अडॅप्टर लागणारच नाही. 2023 च्या नव्या नेक्सॉन ईव्हीत वरच्या प्रकारांना वायरलेस मिळतं. ह्युंदाईच्या काही मॉडेलांत मात्र उलटंच दिसतं: लहान 8 इंची स्क्रीनला वायरलेस आणि मोठ्या 10.25 इंचीला केबल. ‘अँड्रॉइड ऑटो आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, केबलनं की वायरलेस हे शोरूममध्ये स्वतःचा फोन जोडून बघा.

फोनकडून दोन अटी आहेत. अँड्रॉइड 11 किंवा पुढचं असावं, आणि फोनचं वायफाय 5 गिगाहर्ट्‌झचं असावं. इथे मोठा घोटाळा होतो: मोबाईलचं 5जी नेटवर्क आणि 5 गिगाहर्ट्‌झचं वायफाय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 4जी फोनलाही 5 गिगाहर्ट्‌झ वायफाय असू शकतं, आणि स्वस्तातल्या काही फोनना ते नसतंच. दोन पट्ट्यांच्या राउटरची दोन नावं दिसतात ना, त्यातलं 5जी लिहिलेलं नाव फोनला दिसत असेल तर काम होईल.

जोडणी कशी होते ते कळलं की पुढचे निम्मे बिघाड घरबसल्या सुटतात. अडॅप्टर उठतो, फोनला ब्लूटूथवर हाक मारतो. ब्लूटूथवरून फोनला आपल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड देतो. फोन त्या वायफायवर येतो आणि मग चित्र, गाण्यांचा आणि नकाशाचा आवाज, बोटाचे स्पर्श सगळं वायफायवरून धावतं. नेट मात्र फोन आपल्या मोबाईल डेटावरूनच घेतो. म्हणजे बिघाड तीन ठिकाणी असू शकतो: गाडी ते अडॅप्टर, ब्लूटूथ, वायफाय. कुठल्या पायरीवर अडलं ते ओळखा, सगळं एकदम उचकटू नका.

अडॅप्टरचा दिवा लागला पण गाडीच्या स्क्रीनवर त्याचं नाव किंवा चिन्हच आलं नाही, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे: चुकीचं पोर्ट, डेटा न नेणारी केबल, किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटो बंद. नाव आलं, फोननं ‘जोडत आहे’ म्हटलं आणि तिथेच फिरत बसला, तर दोष वायफायचा. फोनवर व्हीपीएन (नेट दुसऱ्या वाटेनं फिरवणारं ॲप) किंवा जाहिराती अडवणारं ॲप चालू आहे का बघा, हे नेहमीचं कारण. नंतर वायफायचा चॅनल, म्हणजे पट्ट्यातली ठरावीक नंबराची वाट. भारतात 5 गिगाहर्ट्‌झचे पट्टे ऑक्टोबर 2018 मध्ये मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त झाले, त्यामुळे 36 ते 48 आणि 149 च्या पुढचे चॅनल घरगुती वापराला मोकळे आहेत. पण फोनचा देश किंवा अडॅप्टरचा देश वेगळा सेट असेल तर एक ज्या चॅनलवर बोलतो तो दुसऱ्याला बंद असतो. अडॅप्टरच्या ॲपमध्ये चॅनल बदलता येत असेल तर आधी 36 आणि मग 149 वापरून बघा. 52 ते 144 मधले टाळा, ते रडारशी वाटून घेतलेले आहेत आणि अडॅप्टरला तिथून मध्येच उठावं लागू शकतं.

जोडलं, छान चाललं, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटतंय, तर फोनचं बॅटरी बचतीचं सेटिंग तपासा. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी यांच्या फोनमध्ये मागे चालणारी ॲपं झटकन मारली जातात. अँड्रॉइड ऑटो आणि गुगल प्ले सर्व्हिसेस या दोघांना बॅटरीच्या बंधनातून सोडा, ऑटोस्टार्ट द्या. खड्ड्यात आदळल्यावरच तुटत असेल तर पोर्ट किंवा केबलचं टोक सैल आहे, फोनला दोष देऊ नका. अडॅप्टर लोंबकळत ठेवलात तर पोर्टावर सतत त्याचं वजन येतं, म्हणून आखूड केबल आणि डबी खाली टेकलेली, हे पहिल्या दिवसापासून करा.

फोन लागतो पण आवाज जात नाही ही तक्रार अँड्रॉइडवाल्यांची नेहमीची आहे. अँड्रॉइड ऑटोत कॉलचा आवाज वायफायवरून नाही, गाडीच्या स्वतःच्या ब्लूटूथवरून जातो. अडॅप्टरशी फोन जोडला तरी गाडीशीही तो वेगळा जोडावा लागतो. आयफोनचं तसं नाही. कारप्ले कॉलचा आवाज आपल्याच जोडणीतून नेतं. आयफोनला मात्र सिरी (बोलून काम सांगायची सोय) चालू असावी लागते, ती बंद असेल तर कारप्ले उघडत नाही.

थोडा उशीर हा वायरलेसचा स्वभावच आहे. गाणं पुढे ढकललं तर एखाद सेकंदानं बदलेल, गाडी सुरू केल्यापासून नकाशा यायला 20 ते 40 सेकंद लागतील. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीतून जाताना याचा अनुभव येतो: बोटीत गाडी बंद, पलीकडे लागल्यावर मागचे हॉर्न वाजवताहेत आणि स्क्रीन अजून काळी. रस्ता आधी फोनवर लावून ठेवा, अडॅप्टर जागा झाला की तोच रस्ता स्क्रीनवर येईल. काही इलेक्ट्रिक गाड्यांत दार उघडलं की पोर्टाला एकदा वीज येते आणि स्टार्टचं बटण दाबलं की स्क्रीन पुन्हा उठते. अडॅप्टर त्या दोन उठण्यांच्या मध्ये अडकतो आणि नुसता दिवा लुकलुकत राहतो. अशा वेळी बसल्याबसल्या लगेच बटण दाबा, मध्ये वेळ घालवू नका, आणि अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये सुरू होण्याआधी काही सेकंद थांबायची सोय असेल तर ती 5 ते 10 वर ठेवा. पेट्रोल गाडीत स्टार्टर फिरताना व्होल्ट कोसळून अडॅप्टर मरतो, तो त्रास आपल्याला नाही, ही इलेक्ट्रिकची जमेची बाजू.

गणपतीत महामार्ग 66 वर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, प्रत्येकीत एखादं वायफाय चालू. तेव्हा आवाज थोडा तुटला तर अडॅप्टर बदलायला धावू नका. गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. घाटात नेट जातंच, म्हणून रत्नागिरी जिल्हा आणि जिथे जायचं ते शेजारचे भाग गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन उतरवा आणि महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर ताजे करा. नेट गेल्यावर नकाशा थिजतो आणि माणूस अडॅप्टरला शिव्या देतो, तसं होऊ नये म्हणून एवढं सांगतोय. जीपीएसचंही तेच. केबल असताना फोन समोर डॅशवर असायचा, वायरलेस झाल्यावर तो खिशात किंवा मागच्या सीटवरच्या पिशवीत जातो आणि वळणावळणाच्या रस्त्यावर बाण शेजारच्या डोंगरात फिरतो. फोन समोरच्या कप्प्यात, आकाश दिसेल असा ठेवा.

उष्णतेबद्दल जास्त सांगायला हवं. वायरलेस अँड्रॉइड ऑटोत फोन एकाच वेळी वायफाय, मोबाईल डेटा, जीपीएस आणि चित्र तयार करणं अशी चार कामं करतो. त्याला वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवलं की पाचवी गरमी खालून. ॲपल आयफोनसाठी आजूबाजूचं तापमान 0 ते 35 अंश सांगतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सावलीतच 35 गाठतं. फोन तापला की चार्जिंग थांबतं, स्क्रीन मंद होते, नकाशा अडखळतो. तुमच्या 45 किलोमीटरच्या प्रवासात फोनची बॅटरी फार उतरणार नाही, पॅड वापरूच नका. मुंबई किंवा कोल्हापूरचा लांबचा प्रवास असेल तर माझं स्पष्ट मत आहे: अडॅप्टर काढा, केबल लावा. फोन चार्ज राहतो, कमी तापतो, आणि चार्जिंग स्टेशन शोधणारा नकाशा ऐन घाटात बंद पडत नाही. अडॅप्टर रोजच्या ये-जा साठी आहे.

डबीही उन्हापासून वाचवा. डॅशवर चिकटवू नका, बंद गाडीत तिथली पृष्ठं हात लावू नयेत इतकी तापतात आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा गोंद मे महिन्यात वितळून ओघळतो. गिअरच्या पुढच्या कप्प्यात किंवा आर्मरेस्टखाली, वेल्क्रोनं, भोवती हवा राहील अशी ठेवा. त्यावर रुमाल, नाणी, चाव्यांचा जुडगा ठेवू नका. हाताला गरम लागेल, ते चालेल. पण हात टेकवून ठेवता येत नसेल तर जागा चुकली.

आता निवड. नुसता अँड्रॉइड असता तर मोटोरोलाचा एमए1 (2022 मध्ये आलेला, केबल डबीलाच जोडलेली) किंवा एएवायरलेस ही सरळ उत्तरं. एएवायरलेसच्या ॲपमध्ये सेटिंग्ज भरपूर आहेत, वर सांगितलेल्या पोर्टाच्या भानगडींवर ती कामी येतात. पण एमए1 आयफोनला चालत नाही. तुमच्याकडे दोन प्रकारचे फोन आहेत, म्हणून दोन्ही चालणारा घ्यावा लागेल: कार्लिंकिट, ऑटोकास्ट यांचे दोन्हीवाले अडॅप्टर, किंवा एएवायरलेसचा दोन्ही चालणारा नवा प्रकार. मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. एकाच कंपनीचे नुसत्या कारप्लेचे आणि दोन्हीचे डबे दिसायला सारखेच असतात. त्यातही फोन बदलायचं बटण डबीवरच असलेला पाहा, कारण दोघं एकत्र निघालात तर शेवटी जोडलेला फोन आधी पकडला जातो आणि नको असलेल्या फोनचं ब्लूटूथ बंद करत बसावं लागतं. अधूनमधूनच आयफोन लावायचा असेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो जास्त भरवशाचा वाटतो: चांगला अँड्रॉइडचा अडॅप्टर घ्या आणि आयफोन केबलनं लावा.

टाइप-ए (नेहमीच्या चपट्या, रुंद) पोर्टाला टाइप-ए केबलच हवी. डबीबरोबर टाइप-सी केबल आणि वर एक छोटं कन्व्हर्टर येतं, त्या प्रत्येक सांध्यावर व्होल्ट थोडे पडतात आणि खड्ड्यांत तोच सांधा सैल होतो. भारतात विकायच्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, ती आणि भारतातला आयातदार डब्यावर छापलेला असेल तर परत करायला पत्ता तरी असतो. अडॅप्टरसाठी एखादी साइट प्ले स्टोअरबाहेरचं ॲप टाकायला सांगत असेल तर तो डबा परत करा. ज्या फोनवर आपले बँकेचे व्यवहार चालतात, त्यात असलं काही घालायचं नाही. आणि कुणी ‘वीज कमी पडते, 12 व्होल्टच्या वायरीतून जोड देतो’ म्हणालं तर नको म्हणा. वायरी कापल्या की गाडीची वॉरंटी वादात सापडते, आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायरींजवळ अनोळखी हात जाता कामा नये, त्या मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या असतात.

डबा आल्यावर असं करा. गाडीच्या आणि फोनच्या ब्लूटूथमधल्या एकमेकांच्या जुन्या नोंदी पुसा. गाडी सुरू करा, अडॅप्टर लावा, स्क्रीनवर त्याचं नाव यायची वाट बघा. फोनचं वायफाय, ब्लूटूथ, लोकेशन चालू ठेवून ब्लूटूथच्या यादीतून अडॅप्टर निवडा, संपर्कांची परवानगी द्या, फोन अनलॉक ठेवून पुढच्या सगळ्या प्रश्नांना होकार द्या. नकाशा आला की मग अँड्रॉइड फोन गाडीच्या ब्लूटूथशीही जोडा. आता गाडी बंद करून लॉक करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. हात न लावता जोडलं तर उत्तम. वाटेत थांबून चहा पिऊन आल्यावरही जोडलं पाहिजे, ते वेगळं करून बघा, कारण छोट्या थांब्यानंतर काही अडॅप्टर गोठतात. त्यावर तात्पुरता उपाय डबी उपटून लावणे, खरा उपाय फर्मवेअर, म्हणजे डबीच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं टाकणं. फर्मवेअर अडॅप्टरच्या ॲपमधून, किंवा त्याच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये कागदावर दिलेला 192.168 नं सुरू होणारा पत्ता टाकून बदलता येतं. बदलताना गाडी बंद पडू देऊ नका, आणि सगळं नीट चालत असेल तर उगाच बदलू नका.

परतीची मुदत असेपर्यंत रोज वापरा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रात्रभर लॉक केलेल्या गाडीची 12 व्होल्ट बॅटरी सकाळी मल्टीमीटरनं मोजा. बॉनेट उघडून, बाकी काही चालू न करता. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास असेल तर निर्धास्त. 12.2 म्हणजे अर्धी उतरली. अडॅप्टर काढून दुसऱ्या रात्री पुन्हा मोजा. फरक पडला तर तो अडॅप्टरचा, नाही पडला तर बॅटरी म्हातारी झालीय, ती सर्व्हिस सेंटरला दाखवा.

राहिली खारी हवा. गुहागरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात उघडं पोर्ट वर्षा-दोन वर्षांत आतून काळपट होतं, कधी पितळी टोकांवर हिरवट थर धरतो, आणि पावसाळ्यात ओल्या हातांनी केबल काढ-घाल केली तर लवकर. जोड लागतो-तुटतो, व्होल्ट 4.6 दाखवतात. अडॅप्टर कायम लावलेला असला तर पोर्ट निदान झाकलेलं राहतं, हा तुमच्या बाजूचा मुद्दा. दर चार-सहा महिन्यांनी गाडी बंद करून अडॅप्टर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला मऊ नायलॉनचा ब्रश टोकांवरून दोन-तीनदा फिरवा, पंधरा मिनिटं वाळू द्या, मग लावा. सुई, टाचणी किंवा लोखंडी काही आत घालू नका, टाइप-ए पोर्टातल्या चार पट्ट्यांपैकी एक वाकली की सगळं मॉड्यूल बदलायची पाळी येते. रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं मिळतात, ती पावसाआधी लावून घ्या.